उन्हात काढलेले अकरा फोटो

दिनकर निमोणकरांनी ज्या पत्राचं उत्तर दिलं नाही, ते पत्र आभाराचं होतं. रागाचं असतं तर त्यांनी परतीच्या टपालानं उत्तर धाडलं असतं. माफी मागायला त्यांना कधी जड गेलं नाही. पण कुणी आभार मानले की त्यांना वाटे, या माणसाची काहीतरी गफलत झालीय, आणि आता ती आपणच उघड करायची.

पत्र २०३५ सालच्या श्रावणात आलं होतं, राजुरा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेचं. ललिता कुळमेथे असं नाव, अक्षर ठसठशीत. निमोणकरांचा संगमनेरचा पत्ता तिला मिळाला तो त्यांच्याच 'उकल' नावाच्या प्रोग्रामच्या शेवटच्या पानावर. फोन वाजला की ते दुसऱ्या खोलीत निघून जात, म्हणून तिथे त्यांनी फोन नंबर न देता घराचा पत्ता दिला होता. सोळा वर्षांत त्या पत्त्यावर आलेलं हे पहिलंच पत्र.

तिनं लिहिलं होतं, की तिचे वडील मारोती गुरुजी आश्रमशाळेत शिक्षक होते आणि त्यांच्याकडे 'गवाक्ष' कंपनीचा कॅमेरा होता. कंपनी दोनच वर्षांत बंद पडली. त्या कॅमेऱ्याच्या फाइली कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेनात. 'उकल' मिळालं आणि एक हजार चाळीस फोटो एका दुपारी उघडले. 'आमची शाळा, नदी, मुलं, बैल, सगळं परत मिळालं. तुमचे फार उपकार आहेत. फक्त अकरा फोटो उघडत नाहीत, नुसत्या तिरक्या पट्ट्या दिसतात. ते तेंदूपत्ता तोडणीच्या वेळचे आहेत. आई मागच्या वर्षी गेली. ती कॅमेऱ्यासमोर कधी उभीच राहिली नाही, त्या दिवशी हात कामात होते म्हणून सापडली. तिचे फोटो एवढेच. सवड होईल तेव्हा पाहावं, घाई नाही.' सोबत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीनं डकवलेलं नखाएवढं मेमरी कार्ड होतं.

निमोणकर तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात पुस्तकं इतकी, की पाहुण्याला बसायला आधी खुर्ची रिकामी करावी लागे. 'उकल' त्यांनी २०१९ मध्ये आपल्याकडच्या 'गवाक्ष' कॅमेऱ्यासाठी हौसेनं लिहिलं होतं आणि कुणीही वापरावं म्हणून फुकट सोडून दिलं होतं.

कॅमेऱ्याची कच्ची फाइल म्हणजे फोटो नव्हेच. कॅमेऱ्याच्या आत बुद्धिबळाच्या पटासारखी लाखो घरं असतात आणि प्रत्येक घराला एकच रंग दिसतो: कुणाला तांबडा, कुणाला हिरवा, कुणाला निळा. कच्च्या फाइलीत त्या घरांनी मोजलेल्या उजेडाचे आकडे तेवढे असतात, एकापुढे एक, ओळीनं. कुठली ओळ कुठे संपते, कुठलं घर कुठल्या रंगाचं, हे ज्याला ठाऊक त्यालाच त्यातून चित्र काढता येतं. 'गवाक्ष'पुरतं ते जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला आपल्याला काही ठाऊक आहे याची खात्री नव्हती.

त्यांनी ते अकरा फोटो उघडून पाहिले. तिरक्या पट्ट्या. दोन आठवडे खटपट केली, पट्ट्या हलल्या नाहीत. उत्तर लिहायला घेतलं, 'आपलं पत्र मिळालं' इथवर आलं आणि थांबलं. काम झाल्यावर लिहू म्हणून ठेवलं. महिना गेल्यावर उशिराबद्दल माफी मागणं आलं. वर्ष गेल्यावर माफीला कारण द्यायला हवं होतं, आणि कारण काही नव्हतं. मग ते पत्र एका जाड शब्दकोशात गेलं, आणि निमोणकर तो शब्दकोश उघडायचं टाळू लागले.

दोन वर्षांनी 'भरणी' आली.

तिचं मूळ नाव लांबलचक होतं, लोक तिला भरणीच म्हणत. अब्जावधी फोटो पाहून शिकलेली ती यंत्रबुद्धी होती. फाटका, पुसट, अर्धवट, कसलाही फोटो द्या, राहिलेला भाग ती अंदाजानं भरून काढी. अंदाज इतका बेमालूम की सांधा दिसत नसे. हळूहळू ती प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक पडद्यात आली. कच्च्या फाइली, रूपांतर, न उघडणारे फोटो या कटकटीच संपल्या. भरणी 'ही फाइल वाचता येत नाही' असं कधी म्हणतच नसे. निमोणकरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या कुळमेथे बाईंचं कामही आता झालं असेल, असं त्यांनी मनाशी धरून घेतलं.

२०४१ च्या माघात त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी दिवाणखान्यात भिंतीवरचा पडदा बसवून घेतला. रोज सकाळी चहाच्या वेळी तो घरातले जुने फोटो दाखवी. एका सकाळी वेरूळचा फोटो लागला. कैलास लेण्याच्या अंगणात मालतीबाई उभ्या, हिरवी साडी, दोन्ही हातांत बांगड्या.

"ही कोण?" मालतीबाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"मी कशी? माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सिलिंडर सरकवताना पडले नव्हते का? तुमच्या तंत्रनिकेतनाला सुट्टी मेमध्येच, म्हणून मोडक्या हातानं वेरूळ दाखवलंत मला. गळ्यात झोळी, आणि वर ऊन असं की दगडाला हात लावायची सोय नाही." त्या पडद्याजवळ गेल्या. "बांगड्या छान आहेत पण. कुठल्या दुकानातल्या, विचारा की तुमच्या भरणीला."

त्या हसल्या. निमोणकर हसले नाहीत. कप तसाच ठेवून ते आत गेले आणि भरणी नसलेल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर वेरूळची मूळ फाइल 'उकल'मध्ये टाकली. तिरक्या पट्ट्या.

म्हणजे हा फोटो उघडलाच नव्हता. तारीख, ठिकाण आणि घरातले बाकीचे फोटो यांवरून भरणीनं एक मालती रचली होती आणि तिला धडधाकट हात दिला होता. मग त्यांच्या मनात पुढचा प्रश्न आला. त्या अकरा फोटोंतून तिनं काय रचून दिलं असेल?

"त्या दिवशीचं तुला आणखी काय आठवतं?" त्यांनी मालतीबाईंना विचारलं.

"तुमचा कॅमेरा तापला होता. हातात धरवेना. माझा रुमाल ओला करून गुंडाळलात त्याला. माझ्या कपाळाला लावायला मागितला तर म्हणालात, थांब, हा जास्त तापलाय."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात. मी लिहून नाही ठेवलं, पण विसरलेही नाही."

निमोणकर तीन दिवस टेबलावरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना चूक सापडली, आणि ती त्यांचीच होती.

कॅमेऱ्यातल्या पटाच्या डाव्या कडेला काही रकाने धातूनं झाकलेले असतात. त्यांना उजेड कधीच दिसत नाही. उष्णतेनं आकडे उगाच फुगतात. ते किती फुगले हे कॅमेरा या आंधळ्या रकान्यांवरून ओळखतो आणि तेवढं बाकीच्यांतून वजा करतो. 'उकल'मध्ये निमोणकरांनी हे रकाने चोवीस धरले होते. प्रत्येक चाचणीत ते चोवीसच निघाले होते. पण चाचणीचे सगळे फोटो त्यांनी संगमनेरात, मार्गशीर्षातल्या थंडीत, गच्चीवर बसून काढले होते. ऊन फार चढलं की 'गवाक्ष' जास्त खबरदारी घेई आणि चोवीसऐवजी एकोणचाळीस रकाने आंधळे ठेवी. प्रत्येक ओळ पंधरा घरांनी लांब होई. 'उकल' मात्र जुन्याच लांबीनं ओळी तोडत जाई, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा पंधरा घरं सरकून सगळं चित्र तिरकं फाटे. वाईट हे, की कॅमेऱ्यानं तो आकडा प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता. 'उकल'मध्ये त्या जागेपुढे निमोणकरांनी बावीस वर्षांपूर्वी शेरा मारला होता: 'हे काय आहे कळलं नाही. सोडून देणे.'

'उकल' फुकट होतं. 'गवाक्ष'च्या फाइली कशा वाचायच्या हे भरणीही तिथूनच शिकली होती. त्यांची चूक तिच्या पोटात होती.

त्यांनी चोवीस खोडून आकडा त्या जागेवरून घ्यायला 'उकल'ला सांगितलं. एका ओळीची दुरुस्ती. वेरूळ उघडलं, आणि प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेली, घामानं डबडबलेली, वैतागलेली मालती समोर उभी राहिली. मालतीबाई मागे येऊन बघत होत्या.

"त्या झोळीला तुमचं जुनं धोतर फाडलं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "आणि तुम्ही सहा वर्षं ज्या शब्दकोशावरची धूळ झटकू देत नाही, त्याचं काय करताय?"

निमोणकरांनी वळून पाहिलं.

"तुम्ही घरी नसताना मी धूळ झटकली, तेव्हा पत्र खाली पडलं होतं, वाचलं मी. तुम्ही उत्तर दिलं असेल असं वाटलं होतं."

निमोणकरांनी शब्दकोशातून पत्र आणि कार्ड काढलं, आणि ते अकराही फोटो दुरुस्त 'उकल'मध्ये उघडले. पत्राच्या तळाशी नंबर होता. फोन मालतीबाईंनीच लावला, आवाज मोठा ठेवला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

"मी... संगमनेरहून. निमोणकर. 'उकल'वाला. आपलं पत्र आलं होतं."

निमोणकरांनी डोळे मिटून घेतले.

"उकलवाले सर?" ललिता म्हणाली. "थांबा जी, बाहेर येते. आत लसीकरण चालू आहे." दार वाजलं, रडणारी पोरं मागे पडली. "मले वाटलं, तुम्ही गेले असान. माफ करा, असं बोलू नये."

"नाही, बरोबर आहे. उत्तर न देणारा माणूस गेल्यातच जमा."

ती हसली, तेव्हा निमोणकरांनी डोळे उघडले. त्यांनी विचारलं, की फोटोंचं पुढे काय झालं.

"भरणी आल्यावर माझ्या भावानं करून आणला एक. आई बसली आहे, हसून राहिली आहे, गोरीपान. सगळ्यांले आवडला. मोठा करून भिंतीवर लावला. माह्या पोरीची आजी म्हणजे तोच फोटो." तिचा आवाज जरा खाली आला. "फक्त बाबांले नाही आवडला. आता दोन वर्षं झाली, बाबांची याद चालली आहे. रोज आईचं नाव घेऊन विचारते, सोना कुठी आहे? आम्ही फोटो दाखवतो. तर बाबा म्हणते का, ही पाहुणी कोण होय? तिले चहा द्या. चांगलं बोलते हो पाहुणीशी. पण मंग दारात जाऊन बसते, सोनाची वाट पाहत. डॉक्टर म्हणते, रोगच तसा आहे."

"ललिताताई, तुमच्या आईंना गोंदण होतं का?"

"होतं न जी. हनुवटीवर, कपाळावर. आमच्यात असतेच. फोटोत नाही आलं ते."

मालतीबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. "ललिता, मी यांची बायको. फोटो नीट निघाला आहे असं दिसतंय. चूक यांच्या प्रोग्रामची होती. आठवड्यात काय ते कळवतील, नाही कळवलं तर मला फोन कर."

"नाही जी, चूक कायची," ललिता म्हणाली. "बाकीचे हजार फोटो कोणी दिले असते आम्हाले?"

आता अकरा फोटो पट्ट्यांतून बाहेर आले होते. पळसाच्या सावलीत तेंदूपानांची चळत घेऊन बसलेली एक सावळी, काटक बाई. सत्तर पानांचं पुडकं बांधायला सालीची दोरी दातांत धरलेली, एक डोळा उन्हानं बारीक केलेला, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून कपाळाला ही आठी. पण तापलेल्या कॅमेऱ्यातला फोटो माशा बसल्यासारखा ठिपक्यांनी भरलेला असतो. पटावरची काही घरं उष्णतेनं बिघडतात आणि भलतेच आकडे सांगतात. सोनाबाईंचा चेहरा अशा ठिपक्यांखाली होता, आणि त्यातच कुठेतरी गोंदणाचे ठिपके होते.

निमोणकरांनी दुरुस्त फोटो मालतीबाईंच्या फोनवर पाठवून पाहिला. भरणीनं पडद्यावर येता येता तो झाडून काढला. ठिपके गेले, त्यांच्याबरोबर गोंदणही गेलं. हनुवटी कोरी.

"म्हणजे फोनवर पाठवून उपयोग नाही," मालतीबाई म्हणाल्या.

"कागदावरच पाठवायला हवा. आणि ठिपके हातानं निवडायला हवेत."

"तांदळासारखे?"

"तसेच."

युक्ती साधी होती, आणि ती सुचली तेव्हा गुरुजींनी एक सोडून अकरा फोटो काढले याबद्दल निमोणकरांनी मनोमन हात जोडले. कॅमेऱ्यातलं बिघडलेलं घर जागचं हलत नाही. त्याचा ठिपका अकराही फोटोंत त्याच जागी पडतो, मग तिथे पान असो, पळस असो की गाल. गोंदण बाईबरोबर हलतं. तिनं मान वळवली की तेही वळतं. त्यांनी अकरा फोटो एकावर एक ठेवले आणि भिंग घेऊन एकेक ठिपका पारखायला बसले. जागी राहिला तो उन्हाचा, हलला तो सोनाबाईंचा.

सहा दिवस लागले. हनुवटीवर तीन ठिपके आले, खाली दोन आणि वर एक. कपाळावर भुवयांमध्ये एक उभी रेघ आली. डाव्या कानशिलाजवळ धान्याच्या लोंबीसारखी छोटी नक्षी आली, तीही हलत होती. रोज संध्याकाळी ते मालतीबाईंना बोलावून चेहरा दाखवत.

"फारच चिडलेली दिसते हो," एकदा त्यांनी काळजीनं विचारलं. "भिंतीवरची हसते. नात त्या हसऱ्या आजीला ओळखते. हा पाठवावा की नाही?"

"सगळा जन्म एकत्र काढलेल्या माणसाला बायकोचा कुठला चेहरा ओळखू येईल, हसरा की चिडका?"

निमोणकरांनी धोका ओळखला आणि पुन्हा भिंग उचललं.

एक ठिपका मात्र सुटेना. उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापाशी. तो गाल उन्हात फक्त एकाच फोटोत आला होता, बाकी दहांत सावलीत बुडाला होता. आधीच्या दहांत पटावरच्या त्या जागी ठिपका नव्हता, पण हा शेवटचा फोटो; ते घर तेव्हाच बिघडलं असेल, तर पडताळायला पुढचा फोटो नव्हता. तीळ असेल. ऊन असेल. निमोणकरांनी तो काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. भरणीनं हा निर्णय डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात घेतला असता. त्यांच्यानं अख्ख्या दिवसात झाला नाही. शेवटी तो होता तसा ठेवून त्यांनी माळ्यावरचं जुनं छपाईयंत्र उतरवलं. त्यात भरणी नव्हती. शाईची नळी गरम पाण्यात धरून मोकळी केली आणि जाड कागदावर अकराही फोटो छापले. दोरी दातांत धरलेला सगळ्यांत वर ठेवला.

मग त्यांनी पत्र लिहायला घेतलं. 'आपलं पत्र मिळालं' इथवर आलं. या वेळी ते पुढे गेलं.

'सौ. ललिताताई यांस,

आपलं पत्र मिळालं, त्याला सहा वर्षं झाली. उत्तर दिलं नाही याला कारण नाही, लाज होती. चूक माझ्या प्रोग्रामची होती. मी तो थंडीत तपासला आणि उन्हाळ्यात काय होईल याचा विचार केला नाही. भरणी चालवणाऱ्यांनाही चूक माझी म्हणून कळवलं आहे.

आपण लिहिलं होतं की माझे उपकार आहेत. तसं नाही. आपण कार्ड पाठवलं नसतं तर माझी चूक माझ्याबरोबर गेली असती, आणि माझ्या घरातही माझ्याच बायकोच्या जागी एक पाहुणी राहिली असती. आभार मीच मानायचे आहेत. ते उशिरा मानतो आहे, पण मनापासून.

सोबत अकरा फोटो आहेत. मी यात काहीही भरलेलं नाही. भिंतीवरचा काढावा की नाही हे आपण ठरवावं. बाबांना हे फोटो उजेडात, हातात द्यावेत. ते ओळखतील असं मी म्हणू शकत नाही.

एक काम आपल्याकडे सोपवतो. वरच्या फोटोत उजव्या गालावर, ओठापाशी एक ठिपका आहे. तो आपल्या आईंचा की त्या दिवशीच्या उन्हाचा, हे मला ठरवता आलं नाही. बाबांना विचारावं. ते सांगतील तेच मी खरं धरीन.

आपला,
दिनकर निमोणकर'

टपाल कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी लिफाफा वजनकाट्यावर ठेवला आणि वर लिहिलेलं वाचलं. 'मोडू नये. फोटो आहेत.'

"काका, फोटो टपालानं? फोनवर एका मिनिटात गेले असते."

"हो," निमोणकर म्हणाले. "पण हेच गेले नसते."

बाईंना ते कळलं नाही, पण त्यांनी लिफाफ्याच्या मागे-पुढे जाड पुठ्ठा लावून दिला, पत्ता पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून घेतला आणि शिक्का मारला. निमोणकरांनी त्यांचे आभार मानले. पावती घेऊन ते खिडकीशीच उभे राहिले. लिफाफा मागच्या पोत्यात पडलेला दिसला, पोत्याचं तोंड बांधलं गेलं, पोतं गाडीत चढलं, आणि मगच ते घराकडे वळले.